उपद्रवही आणि उत्पन्नही

मार्च २०२३मध्ये प्युमाने जाहीर केलं, की 'किंग' या आपल्या नावाजलेल्या फुटबॉलच्या बुटासाठी यापुढे कांगारूचं कातडं वापरलं जाणार नाही. त्याच महिन्यात नायकीनेही तसंच सांगितलं. २०२५मध्ये आदिदासच्या प्रमुखांनी भागधारकांच्या वार्षिक सभेत सांगून टाकलं, की कंपनीने कांगारूचं कातडं विकत घेणं थांबवलं आहे. फुटबॉलपटूंना या कातड्याची महती ठाऊक आहे. ते पातळ असतं, हलकं असतं आणि वजनाच्या मानाने फार चिवट असतं. त्याचा नाद सोडणं या कंपन्यांना सोपं गेलं नसणार.

या काळात ऑस्ट्रेलियाच्या संसदेने व्यापारी शिकार बंद करणारा कायदा केला नव्हता. मोठे कांगारू दुर्मीळही झाले नव्हते. या शिकारीच्या विरोधकांनी सरकारच्या विनवण्या करत बसण्याऐवजी थेट गिऱ्हाइकाला गाठलं होतं, आणि ते त्यांना फळलं. 'कांगारू म्हणजे बूट नव्हेत' अशा घोषणेची मोहीम अमेरिकेत २०२०मध्ये सुरू झाली. पण ही वाट त्याहून बरीच जुनी आहे. कॅलिफोर्नियाने कांगारूपासून बनलेल्या वस्तूंवर बंदी घातली ती १९७१मध्ये. २००७मध्ये ती उठली आणि सवलतीची मुदत संपल्यावर २०१६पासून पुन्हा लागू झाली.

ऑस्ट्रेलियातला कांगारू उद्योग यावर वैतागून म्हणतो, की हे शहरातल्या आणि परदेशातल्या लोकांचं भाबडं प्रेम आहे. ज्यांच्या कुरणात कांगारूंचे कळप उतरत नाहीत, त्यांना दया परवडते. हा टोला उडवून लावण्याजोगा नाही. म्हणूनच विरोधाची बाजू मांडायची तर ती प्राण्याच्या गोंडस चेहऱ्यावर विसंबून मांडता कामा नये. कांगारू नामशेष होतील या भीतीवरही नको, कारण आजच्या घडीला ती भीती टिकत नाही. खरा मुद्दा एका विसंगतीचा आहे. ऑस्ट्रेलिया एकाच प्राण्याला एकाच वेळी उपद्रव ठरवतो आणि उत्पन्नही. यातलं एक खरं धरलं, तर दुसऱ्याचा पाया ढासळतो.

आधी ही शिकार होते कशी, ते पाहू. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरची व्यापारी शिकार मुख्यतः चार जातींची होते: लाल कांगारू, पूर्वेकडचा करडा, पश्चिमेकडचा करडा आणि वॉलरू. परवानाधारक नेमबाज रात्री उघड्या पाठीची गाडी घेऊन मेंढ्या-गुरांच्या अफाट कुरणांत फिरतो. बहुतेक वेळा एकटाच. गाडीवरच्या सर्चलाइटचा झोत अंगावर पडला, की कांगारू बिचकून जागच्या जागी थबकतो. राष्ट्रीय आचारसंहितेनुसार गोळी मेंदूतच लागली पाहिजे, म्हणजे मरण तत्काळ येतं. मग तिथेच पोट फाडून आतडी काढायची, डोकं उतरवायचं, धडाला क्रमांकाचा टॅग लावायचा आणि ते गाडीच्या सांगाड्याला लटकवायचं. उजाडता उजाडता सगळी धडं गावाजवळच्या शीतपेटीत पोचवायची. पैसे मिळतात ते किलोमागे.

शीतपेटीत पोचलेल्या धडाला डोकं नसतं, ही गोष्ट बारकाईने लक्षात घेण्यासारखी आहे. तपासनीसाला फार तर एवढं कळतं, की मानेखाली गोळी लागलेली नाही. गोळी मेंदूत गेली की जबड्यात, पहिल्या गोळीत प्राणी पडला की तिसऱ्या, हे सांगणारा पुरावा माळावरच राहून गेलेला असतो. आरएसपीसीए ऑस्ट्रेलिया या प्राणिकल्याण संस्थेने २००२च्या आपल्या अहवालात नोंदवलं, की तपासलेल्या धडांपैकी ९५.९ टक्के संहितेप्रमाणे डोक्यात गोळी लागलेली होती. कामगिरी उत्तम वाटते. पण त्या सुमाराच्या वर्षांत दरसाल तीस लाखांहून अधिक कांगारू मारले जात होते. तेव्हा उरलेले चार टक्के म्हणजेसुद्धा लाखाच्या वर जीव होतात. शिवाय जो प्राणी जखमी होऊन अंधारात निसटला, तो शीतपेटीत येतच नाही. त्यामुळे तो कुठल्याच टक्केवारीत धरला जात नाही.

पिल्लांचा हिशोब तर त्याहूनही अवघड. लाल कांगारूचं पिल्लू जन्मतं तेव्हा शेंगदाण्याएवढं असतं. वजन एक ग्रॅमही भरत नाही. ते सरपटत आईच्या पिशवीत शिरतं आणि सुमारे आठ महिने तिथेच वाढतं. पिशवीबाहेर आल्यावरही काही महिने ते आईच्या दुधावर असतं. एका मादीच्या पायांशी एक पिल्लू, पिशवीत दुसरं आणि गर्भाशयात वाढ थोपवून धरलेला तिसरा गर्भ, असं एकाच वेळी असू शकतं. अशी मादी मारली गेली, की नेमबाजाने पिशवी चाचपून पाहायची असते. आत लव फुटलेलं पिल्लू सापडलं, तर डोक्यावर एकच जोरदार घाव घालून ते मारावं, असं २००८च्या संहितेत सांगितलं होतं. पायांशी असलेलं पिल्लूही मारायचं असतं. पण गोळीचा आवाज होताच ते अंधारात पळालं, तर त्याच्यामागे कोण धावणार? त्या पिल्लाला किलोमागे भाव नाही. त्याच्यावर खर्च केलेली गोळी आणि वेळ नेमबाजाच्या पदरचा. नेमबाज क्रूर असतो असं माझं म्हणणं मुळीच नाही. रात्रभर राबणाऱ्या, वजनावर पैसे मिळणाऱ्या एकट्या माणसावर आपण अशी जबाबदारी टाकली आहे, जी पाळली की त्याचं नुकसान होतं आणि टाळली तर कुणाला कळत नाही. कुठलीही व्यवस्था अशा पायावर उभी केली, तर ती काय वळण घेणार हे वेगळं सांगायला नको.

आता मूळ विसंगतीकडे येऊ. कांगारूला उपद्रव ठरवण्याचा इतिहास मेंढ्यांच्या पाठोपाठ सुरू होतो. क्वीन्सलँडने १८७७मध्ये मार्सुपियल, म्हणजे पिशवीधारी, प्राण्यांच्या नाशासाठी कायदाच केला आणि मारलेल्या प्राण्यांमागे इनाम ठेवलं. पुढच्या अर्धशतकात त्या एका वसाहतीत, म्हणजे आजच्या राज्यात, कोट्यवधी प्राण्यांवर इनाम दिलं गेलं. विसाव्या शतकात इनामाची जागा हळूहळू बाजाराने घेतली. कातडं निर्यात होऊ लागलं, मांस कुत्र्या-मांजरांच्या खाद्यात जाऊ लागलं. बेसुमार शिकारीवरून ओरड झाल्यावर १९७३मध्ये ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारने निर्यातच थांबवली. १९७५मध्ये ती पुन्हा सुरू झाली. १९७४मध्ये अमेरिकेने तीन मोठ्या जातींना धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत घातलं आणि १९९५मध्ये यादीतून काढलं. माणसाने खाण्यासाठी हे मांस विकायला दक्षिण ऑस्ट्रेलियाने १९८०मध्ये परवानगी दिली, इतर राज्यांनी १९९३मध्ये. म्हणजे शंभरेक वर्षांत कांगारू पिकाच्या शत्रूचा माल झाला आणि शेवटी ताटात आला. पण जुनं आरोपपत्र कुणी मागे घेतलं नाही. व्यापाराला समर्थन हवं असलं, की ते अजूनही बाहेर काढलं जातं.

प्राणी उपद्रवी असेल, तर धोरणाचं उद्दिष्ट नुकसान कमी करणं हे असायला हवं. कुठल्या शेतात, कुठल्या हंगामात, किती नुकसान होतं ते पाहायचं आणि तेवढ्यापुरता बंदोबस्त करायचा. प्राणी हे उत्पन्न असेल, तर उद्दिष्ट बरोबर उलटं होतं: पुढल्या वर्षीही तितकाच माल मिळावा म्हणून कळप भरलेले ठेवायचे. ऑस्ट्रेलियातला कोटा या दुसऱ्या तर्काने चालतो. विमानातून मोजणी होते, जातीनुसार अंदाज निघतात आणि त्याच्या साधारण १५ ते २० टक्के इतकी कमाल मर्यादा ठरते. शाश्वत वापराचं हे गणित मासेमारीला शोभतं. त्यात शेतकऱ्याच्या नुकसानीचा आकडा कुठेही येत नाही. आणि प्रत्यक्षात मारल्या जाणाऱ्यांची संख्या या कोट्याच्या खूप खाली राहते, कारण ती ठरते मागणीवर.

रशियाचंच पाहा. ऑस्ट्रेलियातून निर्यात होणाऱ्या कांगारूच्या मांसाचा सर्वांत मोठा ग्राहक रशिया होता. ऑगस्ट २००९मध्ये त्याने स्वच्छतेच्या कारणावरून आयात बंद केली आणि धंदा आडवा झाला. त्या वर्षी कांगारूंनी गवत खाणं सोडलं होतं का? कुंपणं मोडायची थांबवली होती का? तसं काही घडलं नव्हतं. मॉस्कोतल्या एका आदेशाने क्वीन्सलँडमधली शिकार घटत असेल, तर ती शिकार शेतीच्या रक्षणासाठी होती असं कुठल्या तोंडाने म्हणायचं?

व्हिक्टोरिया राज्यातला प्रयोग त्याहून बोलका आहे. तिथे पीक-कुरणांचं नुकसान दाखवलं, की शेतकऱ्याला कांगारू मारण्याचा परवाना मिळायचा. मारलेले प्राणी मात्र विकता येत नसत. २०१४मध्ये सरकारने प्रायोगिक योजना आणली. मारलेले प्राणी वाया का घालवायचे, ते पाळीव जनावरांच्या खाद्यासाठी द्यावेत, असा साधा, व्यवहारी विचार त्यामागे होता. पण योजना सुरू झाल्यावर मारण्याची परवानगी मिळालेल्या कांगारूंची संख्याच फुगली. परवाना मागण्यामागे नुकसानीइतकंच कमाईचंही कारण उभं राहिलं, हे सरकारी मूल्यमापनातही आलं. यावरून व्यापार थांबवावा असं कुणाला वाटलं असतं. झालं उलटंच. ऑक्टोबर २०१९पासून तिथे पूर्ण स्वरूपाची व्यापारी शिकार सुरू झाली. ओझं म्हणून मोजलेला प्राणी विकता येऊ लागला, की ओझ्याचं वजनच वाढतं.

विरोधकांच्या बाजूनेही काही गोष्टी कबूल केल्या पाहिजेत. विमानातून केलेल्या मोजणीत दुरुस्तीचे गुणक वापरावे लागतात, त्यामुळे अंदाज चुकू शकतात, हा त्यांचा आक्षेप रास्त आहे. पण त्यावरून लाल कांगारू संपत चालला आहे असा निष्कर्ष काढणं म्हणजे हातातला चांगला डाव स्वतःच उधळणं. या प्राण्यांची संख्या पावसाबरोबर वर-खाली होते. दुष्काळात ते मोठ्या संख्येने मरतात, चार बरे पावसाळे मिळाले की पुन्हा वाढतात. नामशेष झाला तो टूलॅश वॉलबी हा कांगारूचा लहान भाऊबंद; शिकार, कोल्हे आणि नाहीसा झालेला अधिवास या सगळ्यांनी मिळून त्याचा घास घेतला आणि शेवटची ज्ञात मादी १९३९मध्ये बंदिवासात मेली. त्याची आठवण ठेवावी. मोठ्या कांगारूंवर ती कथा चिकटवू नये. एखाद्या गोष्टीला विरोध करायला ती गोष्ट प्रलयंकारीच असावी लागते, असं थोडंच आहे?

उद्योगाच्या बाजूचे तीन युक्तिवाद वजनदार आहेत. पहिला हवामानाचा. गाय-मेंढीच्या मानाने कांगारू फारच कमी मिथेन सोडतो. अर्थतज्ज्ञ रॉस गार्नॉ यांच्या २००८च्या हवामान अहवालाने एका अभ्यासाचा आधार घेत, गुरं-मेंढ्या कमी करून कांगारूचं मांस वाढवण्याची शक्यता चर्चेला आणली. त्याआधी १९८०च्या दशकात प्राणिशास्त्रज्ञ गॉर्डन ग्रिग यांनी मेंढ्यांच्या जागी कांगारू असा विचार मांडला होता. मेंढीच्या टोकदार खुरांनी झिजणारी जमीन वाचेल, हा त्यातला गाभा. कल्पना देखणी आहे. पण ती घडली नाही. मेंढपाळाने मेंढ्या ठेवल्या आणि वर कांगारूही मारू दिले. 'ऐवजी'च्या जागी 'शिवाय' आलं. गार्नॉ यांनी आधार घेतलेल्या अभ्यासात हिशोब होता तो सतरा कोटींहून अधिक कांगारूंचा. आजच्या कित्येक पट. कांगारू आधीच जास्त झालेत म्हणून मारा, आणि पृथ्वी वाचवायला कांगारू अनेक पट वाढवा, ही दोन वाक्यं एकाच उद्योगाच्या समर्थनार्थ वापरली जातात.

दुसरा युक्तिवाद दयेचा आहे, आणि मला तो सर्वांत अस्वस्थ करतो. कांगारू आपल्या माळावर, मोकळा, चरता चरता मरतो. त्याला ट्रकमध्ये कोंबत नाहीत, कत्तलखान्याच्या रांगेत उभं करत नाहीत. बकऱ्याचं मटण चवीने खाणाऱ्याने कांगारूसाठी अश्रू ढाळावेत, यात ढोंग आहे. खरं आहे. पण याचं उत्तर 'म्हणून कांगारूही मारा' हे कसं होईल? आणि ज्याला जागच्या जागी गोळी लागली, त्याचं मरण सोपं म्हणावं. पायांशी असलेल्या पिल्लाचं नाही. कत्तलखान्यात निदान तपासनीस बसवता येतो, कॅमेरा लावता येतो. शेकडो किलोमीटर पसरलेल्या अंधाराला कुठला कॅमेरा लावणार?

काही प्रक्रिया कंपन्यांनी फक्त नरच घ्यायचे ठरवलं, त्याने पिल्लांचा प्रश्न पुष्कळसा सुटला, हे मान्य. विरोधकांच्या रेट्याशिवाय ते झालं नसतं. पण त्या सुधारणेनेही मूळ विसंगतीच उघडी केली. एखाद्या प्राण्याची संख्या खरोखर आटोक्यात आणायची असेल, तर माद्या सोडून नर मारण्यात अर्थ काय? वंश वाढतो तो माद्यांमुळे. लाल कांगारूचा नर ८०-८५ किलोंपर्यंत भरतो, मादी त्याच्या निम्म्याहूनही कमी. किलोमागे भाव असताना कुणावर नेम धरला जाईल, हे सांगायला जीवशास्त्र शिकावं लागत नाही.

तिसरा युक्तिवाद सर्वांत व्यवहारी. व्यापारी शिकार थांबवली, तरी शेतकरी गोळ्या झाडणारच; तेही परीक्षा न देता, देखरेखीशिवाय, वेळप्रसंगी विष घालून. व्यावसायिक नेमबाज निदान प्रशिक्षित असतो. हा धोका खराच आहे. पण यातून निघतं काय, तर शेतकऱ्याच्या परवान्यावरची देखरेख फार सैल आहे एवढंच. एका खोलीत अंधार आहे म्हणून दुसऱ्या खोलीतला दिवा मालवू नका, इथवर ठीक; पण पहिल्या खोलीत दिवा लावायचाच नाही, हे कुठलं शहाणपण?

शेतकऱ्याचं दुखणं मात्र खोटं नाही. दुष्काळात कुरणात काडी उरत नाही तेव्हा प्रत्येक तोंड जड होतं. तरी तोंडं मोजताना गल्लत झाली आहे. एक कांगारू साधारण ०.७ मेंढीइतकं खातो, असं पूर्वी धरलं जाई. ॲडम मन, टेरेन्स डॉसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यू साउथ वेल्स राज्यातल्या ब्रोकन हिलच्या उत्तरेला फाउलर्स गॅप येथे केलेल्या संशोधनातून २००९मध्ये हे प्रमाण त्याच्या निम्म्यावर, ०.३५च्या आसपास आलं. त्याच भागातल्या अभ्यासांनी दाखवलं, की मेंढी आणि लाल कांगारू यांच्यात चाऱ्यासाठीची स्पर्धा प्रामुख्याने चारा आटतो तेव्हा जाणवते. शिवाय कांगारू वाढले ते माणसाच्याच हातून. मेंढ्यांसाठी जागोजागी पाणी आणलं. डिंगो हा रानकुत्रा आत येऊ नये म्हणून ५,६००हून अधिक किलोमीटर लांबीचं कुंपण घातलं. त्या कुंपणाच्या आतल्या बाजूला कांगारू बाहेरच्यापेक्षा कितीतरी अधिक आढळतात. शिकारी प्राणी हाकलायचा, पाण्याची सोय करायची, आणि मग चरणारे फार झाले म्हणून बंदूक उचलायची, असा हा क्रम आहे.

विदर्भातल्या वाचकाला हे सगळं परकं वाटणार नाही. रोही आणि रानडुकरं पिकांत शिरतात, शेतकरी रात्ररात्र जागलीला जातो, आणि मुंबई-पुण्याचे प्राणिमित्र त्याला वन्यजीवांचं महत्त्व सांगतात. त्याचा राग कुरणवाल्या ऑस्ट्रेलियन शेतकऱ्यासारखाच आहे. आपल्याकडेही ठराविक परिस्थितीत हे प्राणी मारायची परवानगी देण्याची तरतूद आहे, आणि ती कशी वापरावी यावर भांडण आहे. पण एक फरक मोलाचा आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली परवानगीने मारलेला असा प्राणी सरकारची मालमत्ता ठरतो. शेतकऱ्याला त्याचं मांस विकता येत नाही. वरवर पाहता हा निव्वळ नासाडीचा नियम आहे. परंतु त्यामुळेच रानडुकरावर बंदूक उचलण्यामागे पिकाखेरीज दुसरं कारण उभं राहत नाही. आपल्या व्यवस्थेत उणिवा ढीगभर आहेत, भरपाई वेळेवर मिळत नाही ही ओरडही आहे. तरी नुकसानीचा प्रश्न बाजारापासून वेगळा ठेवण्याचं शहाणपण तिने दाखवलं आहे.

ऑस्ट्रेलियातही असं उदाहरण आहे. राजधानी कॅनबेराच्या गवताळ राखीव क्षेत्रांत २००९पासून जवळजवळ दरवर्षी करडे कांगारू मारले जातात. त्यालाही विरोध आहे, निदर्शनं होतात, न्यायालयात दावे होतात. पण तिथला वाद निदान सरळ आहे: गवत किती, त्यावर जगणारे सरडे-पक्षी किती, आणि कांगारू किती असावेत. आकडा चुकीचा असेल तर तो तपासता येतो. त्या आकड्यामागे बुटाचा कारखाना उभा नसतो.

'मारायचंच आहे तर वाया कशाला?' हा प्रश्न कष्टकरी माणसाच्या तोंडून आला, की पटकन पटतो. ऑस्ट्रेलियातल्या मूळनिवासींनी तर हजारो वर्षं कांगारूची शिकार केली, त्याचा कण न् कण वापरला. पण त्या शिकारीला भूक संपली की थांबा होता, आणि अनेक समूहांत कुळाचं नातं असलेल्या प्राण्याबाबत निर्बंधही होते. आज त्या समाजांत व्यापारी शिकारीबद्दल एकमत नाही. कुणाला त्यात रोजगार दिसतो, कुणाला आपल्या नातलगाचा बाजार मांडलेला दिसतो. कारखान्याच्या पोटाला मात्र असा थांबा नसतो. शीतपेट्या, कंत्राटं, परदेशी ऑर्डरी यांना दरमहा माल लागतो, आणि पुढच्या वर्षीची शिकार गरजेची आहे की नाही, हे ठरवण्याआधीच ती विकली गेलेली असते.

म्हणून माझ्या मते मागणी एवढीच असावी, की मारणं आणि विकणं यांची गाठ सोडवा. ज्याचं नुकसान होतं त्याला भरपाई आणि कुंपणाला मदत द्या. परवाना देताना नुकसान पाहून द्या. त्याखाली गोळी झाडणाऱ्याला नेमबाजीची तीच परीक्षा लावा आणि तोच तपास लावा, जो आज व्यावसायिकाला लावला जातो. डिंगोला कुठे परत येऊ देता येईल, याचा विचार करा. यासाठी करदात्यांना पैसे मोजावे लागतील, हे उघड आहे. आज त्या खर्चाचा काही भाग कांगारू स्वतःच्या कातड्याने भरतो, म्हणून ही व्यवस्था सगळ्यांना स्वस्त वाटते.

या धोरणाचा खरेपणा तपासायला एक प्रश्न पुरेसा आहे. उद्या कांगारूच्या मांसाचा आणि कातड्याचा भाव शून्यावर आला, तर तुम्ही किती कांगारू माराल? ती संख्या सांगा आणि तिची कारणं द्या. त्यावर प्रामाणिक वाद होऊ शकेल, कदाचित सहमतीही होईल. त्या संख्येच्या वर मारला जाणारा प्रत्येक प्राणी विक्रीसाठी मारला जातो, आणि त्याचा जाब शेतकऱ्याच्या नावाआड लपून देता येणार नाही.